विष पिणारे भात : जिंझू नदी, कॅडमियम आणि एका पाणथळ पिकाचा इतिहास

(१/२६)
जपानच्या तोयामा प्रांतात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक आजार गावोगावी ठाऊक होता, पण त्याला नाव नव्हते. रुग्ण बहुतेक स्त्रिया असत. वयाने पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या, अनेक बाळंतपणे सोसलेल्या, आयुष्यभर भातशेतीत राबलेल्या. आरंभी कंबर आणि मांड्या दुखत. मग चाल बदकासारखी डुलती होई. अखेरीस अंथरुणावर कूस बदलताना किंवा खोकल्याची उबळ येताच हाड मोडे. एका रुग्णाच्या शरीरात ७२ ठिकाणी अस्थिभंग आढळले होते. या स्त्रिया वेदनेने एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत : 'इताई, इताई'. मराठीत सांगायचे तर 'दुखतंय, दुखतंय'.

(२/२६)
१९५५ साली एका स्थानिक वृत्तपत्राने रुग्णांचे हेच कण्हणे आजाराचे नाव म्हणून छापले आणि 'इताई-इताई' हा शब्द पुढे वैद्यकाच्या ग्रंथांत जाऊन बसला. या आजाराचे मूळ कॅडमियम नावाच्या जड धातूत होते आणि तो धातू माणसांपर्यंत पोहोचवणारा मुख्य वाहक होता रोजचा भात.
याच भाताला अर्ध्या शतकानंतर जपानी शास्त्रज्ञांनी उलट्या कामाला जुंपले : जमिनीतले कॅडमियम उपसून काढण्याच्या. एकाच वनस्पतीचा एकच गुण एकदा शाप आणि एकदा उपाय कसा ठरला, त्याची ही हकिकत.

(३/२६)
आधी भूगोल. जिंझू नदी गिफू प्रांताच्या डोंगरांत उगम पावते, उत्तरेकडे वाहत तोयामाच्या मैदानात उतरते आणि तोयामाच्या उपसागराला मिळते. तिला वरच्या अंगाला ताकाहारा ही उपनदी येऊन मिळते. ताकाहाराच्या काठी कामिओका हे खाणींचे गाव आहे.
मैदानातल्या गावांचे सारे जीवन जिंझूच्या कालव्यांवर चाले. त्याच पाण्यावर भाताची खाचरे भिजत, त्याच पाण्यात भांडी आणि कपडे धुतले जात आणि तेच पाणी पिण्यासाठी घरात येई. खाण आणि खाचर यांच्यामध्ये अंतर मोठे होते, पण पाणी एकच होते.

(४/२६)
कामिओकाच्या डोंगरातून चांदी, तांबे आणि शिसे काढण्याचे काम काही शतके चालत आले होते. मेइजी काळात, १८७४ पासून, मित्सुई घराण्याने येथील खाणी घ्यायला सुरुवात केली आणि १८८९ पर्यंत त्या एका मालकीखाली आल्या.
तोवर जस्ताचे खनिज निरुपयोगी म्हणून टाकून दिले जात असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, रशिया-जपान युद्धाच्या सुमारास, जस्ताला मागणी आली आणि चित्र पालटले. जस्ताच्या खनिजात कॅडमियम जात्याच थोड्या प्रमाणात मिसळलेले असते. जस्त हवे होते. कॅडमियम कोणालाच नको होते, म्हणून ते नदीत गेले.

(५/२६)
पुढे खनिज वेगळे करण्याचे तंत्र सुधारले. दगड पिठासारखा बारीक दळायचा, पाण्यात कालवायचा, त्यात हवा सोडून फेस काढायचा आणि फेसाबरोबर तरंगून आलेले धातूचे कण गोळा करायचे, अशी ही पद्धत. तिच्यामुळे पूर्वी वाया जाणारा धातू हाती येऊ लागला.
मात्र दगड जितका बारीक, तितका उरलेला गाळ हलका. जाड खडे खाणीच्या पायथ्याशीच थांबले असते. हे पीठ नदीबरोबर थेट मैदानापर्यंत वाहत गेले. एकामागून एक आलेल्या युद्धांनी उत्पादनाचा वेग वाढवत नेला आणि गाळही वाढत गेला.

(६/२६)
आता खाचराकडे पाहू. भाताचे खाचर म्हणजे माणसाने बांध घालून तयार केलेली पाणथळ जागा. नदीत धावणारे पाणी खाचरात शिरताच संथ होते आणि त्यातला गाळ तळाशी बसतो. एरवी हाच गाळ जमिनीचे वैभव असतो. जिंझूच्या काठी मात्र हाच गाळ विष घेऊन येत होता.
पुढे जेव्हा मातीची तपासणी झाली, तेव्हा ज्या कोपऱ्यातून पाणी खाचरात शिरते त्या कोपऱ्यात कॅडमियम सर्वाधिक आढळले. तिथे गाळ सर्वांत आधी बसत असे. पीक खुरटते अशी शेतकऱ्यांची तक्रार दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून होतीच. माणूस खंगतो आहे याचा संबंध मात्र कोणी जोडला नव्हता.

(७/२६)
खाचरातले रसायनशास्त्र समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.
खाचरात पाणी तुंबलेले असते तेव्हा मातीतला प्राणवायू संपतो. अशा मातीत गंधकाचे संयुग कॅडमियमला धरून ठेवते. ते पाण्यात विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. कापणीपूर्वी शेतकरी पाणी सोडून देतो, माती सुकते, तिच्यात हवा शिरते. मग ती पकड सुटते, कॅडमियम विरघळते आणि मुळे ते शोषून घेतात. दाणे भरण्याचा काळही नेमका हाच.
म्हणजे पाणी भरणे ही कुलूप लावण्याची क्रिया आणि पाणी सोडणे ही कुलूप उघडण्याची. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. अर्ध्या शतकानंतर सारा खेळ याच्यावर फिरणार आहे.

(८/२६)
शरीरात गेलेले कॅडमियम सहजी बाहेर पडत नाही. ते मूत्रपिंडात साठते आणि तिथे दशकानुदशके राहते. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका बिघडल्या की शरीराला हवे असलेले क्षार लघवीवाटे निघून जातात आणि हाडे मऊ पडतात.
स्त्रियाच अधिक बळी का पडल्या? शरीरात लोह कमी असेल तर आतडी कॅडमियम अधिक शोषतात. वारंवारच्या गरोदरपणाने आणि अंगावर पाजण्याने लोह आणि चुना दोन्ही आटलेले असत. घरासाठी सर्वांत जास्त झिजलेली बाईच या विषाची पहिली शिकार ठरली.

(९/२६)
१९४६ साली हागिनो नोबोरु नावाचे डॉक्टर सैन्यातून परतले आणि त्यांनी याच खोऱ्यातला आपला वडिलोपार्जित दवाखाना पुन्हा सुरू केला. एकाच लक्षणाच्या इतक्या बायका पाहून ते चक्रावले.
त्या काळची स्पष्टीकरणे साधी होती : कुपोषण, अतिश्रम, उन्हाचा अभाव. गावात याहून वाईट बोलले जाई. हा आजार म्हणजे पूर्वकर्माचे फळ, अशी समजूत होती. त्यामुळे घरचे लोक रुग्णाला आतल्या खोलीत ठेवत. गावाला सून मिळणार नाही आणि तांदूळ विकला जाणार नाही, ही भीती वेदनेपेक्षा मोठी होती.

(१०/२६)
हागिनो यांनी रुग्णांची घरे नकाशावर मांडायला घेतली. ठिपके वाढत गेले तसा आकार स्पष्ट होत गेला. ज्या गावांना जिंझूच्या कालव्याचे पाणी मिळत होते तिथे रुग्ण होते. शेजारच्या दुसऱ्या नद्यांचे पाणी वापरणाऱ्या गावांत ते नव्हते. माणसे तशीच, गरिबी तशीच, ऊनही तेच. वेगळे होते फक्त पाणी.
१९५७ मध्ये त्यांनी खाणीच्या पाण्यात दोष असल्याचे मत वैद्यकीय सभेत मांडले. एका खेड्यातल्या डॉक्टरचे हे म्हणणे मान्यवरांनी फारसे मनावर घेतले नाही.

(११/२६)
पुढचा दुवा शेतीशास्त्राकडून आला. योशिओका किनिची हे शेतीतज्ज्ञ या खोऱ्यातल्या पिकांच्या नुकसानीचा अभ्यास करत होते. ओकायामा विद्यापीठाच्या कुराशिकी येथील शेती-संशोधन संस्थेतले कोबायाशी जुन हे पाण्याच्या पृथक्करणातले जाणकार होते. त्यांच्या तपासणीत रुग्णांच्या हाडांत, तांदळात आणि नदीच्या पाण्यात कॅडमियम सापडले.
१९६१ साली हागिनो आणि योशिओका यांनी कॅडमियम हेच कारण असल्याचे जाहीर केले. डॉक्टर, शेतीतज्ज्ञ आणि रसायनतज्ज्ञ एकत्र आले नसते तर नकाशावरचे ठिपके नुसते ठिपकेच राहिले असते.

(१२/२६)
सत्य सापडणे एक आणि ते मान्य करवून घेणे दुसरे. १९६६ साली रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांनी कोमात्सु योशिहिसा यांच्या पुढाकाराने संघटना उभारली. समोर देशातली अत्यंत बलाढ्य कंपनी होती. हरलो तर गाव सोडावे लागेल, या जाणिवेने ही शेतकरी कुटुंबे ९ मार्च १९६८ रोजी न्यायालयात गेली.
दोनच महिन्यांनी, ८ मे १९६८ रोजी, जपानच्या आरोग्य मंत्रालयाने इताई-इताई हा खाणीतून आलेल्या कॅडमियममुळे होणारा आजार असल्याचे मान्य केले. औद्योगिक प्रदूषणातून जडलेला आजार म्हणून जपान सरकारने दिलेली ही पहिली मान्यता.

(१३/२६)
खटल्यात जपानच्या खाण कायद्याचे एक कलम निर्णायक ठरले. त्यानुसार खाणीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागताना कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. नुकसान खाणीमुळे झाले एवढे दाखवणे पुरते. कंपनीने प्रत्येक शास्त्रीय कडी स्वतंत्रपणे सिद्ध करून दाखवण्याचा आग्रह धरला. तो मान्य झाला असता तर खटला रुग्णांच्या आयुष्यापेक्षा लांबला असता.
न्यायालयाने रोगाचा प्रसार आणि प्रदूषित पाणी यांचा नकाशावरचा संबंध पुरेसा मानला. ३० जून १९७१ रोजी तोयामाच्या जिल्हा न्यायालयात रुग्ण जिंकले. ९ ऑगस्ट १९७२ रोजी वरच्या न्यायालयानेही तोच निकाल कायम केला.

(१४/२६)
इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट बहुधा इथेच संपते. खरी लढत मात्र दुसऱ्या दिवशी झाली.
१० ऑगस्ट १९७२ रोजी खोऱ्यातले लोक तोक्योत कंपनीच्या मुख्यालयात गेले आणि दिवसभराच्या वाटाघाटींनंतर त्यांनी तीन कागदांवर सह्या घेतल्या. पहिला रुग्णांच्या भरपाईचा. दुसरा दूषित जमिनीच्या दुरुस्तीचा. तिसरा सर्वांत आगळा : रहिवाशांना वाटेल तेव्हा तज्ज्ञांसह खाणीत शिरून तपासणी करता येईल आणि तिचा खर्च कंपनी देईल. ही तपासणी तेव्हापासून वर्षानुवर्षे होत आली आहे आणि नदीतले कॅडमियम आता नैसर्गिक पातळीच्या जवळ आले आहे.

(१५/२६)
पाणी निवळले. माती मात्र निवळली नाही.
वाहते पाणी स्वतःला बदलू शकते. खाचर जे धरते ते सोडत नाही. १९७० साली जपानने शेतजमिनीच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा केला. फक्त तूस काढलेल्या, कोंड्यासकटच्या तांदळात दर किलोमागे १ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक कॅडमियम आढळले तर ते शेत दूषित धरले जाई. सुमारे ०.४ ते १ मिलिग्रॅममधला तांदूळ विकायला कायद्याची आडकाठी नव्हती, पण लोकांचा विश्वास उडाला होता. म्हणून तो सरकार विकत घेई आणि खाण्याऐवजी कारखान्यांतल्या खळीसाठी वापरला जाई. शेतकऱ्याने पिकवलेले अन्न चिकटवण्याच्या कामी येई.

(१६/२६)
जिंझूच्या काठी उपाय निवडला गेला तो माती बदलण्याचा. दूषित थर खरवडून खोल पुरायचा, त्यावर मुरूम दाबून कठीण थर करायचा आणि वर डोंगरातून आणलेली स्वच्छ माती जवळजवळ एक वीत पसरायची. हे काम १९७९ मध्ये सुरू झाले आणि २०१२ मध्ये संपले. क्षेत्र सुमारे ८६३ हेक्टर, खर्च सुमारे ४,०७० कोटी येन, कालावधी ३३ वर्षे.
खटला लढताना जे तरुण होते ते काम संपेपर्यंत म्हातारे झाले होते. आपल्या खाचरातला तांदूळ निर्धास्तपणे पानात वाढलेला पाहण्याआधीच अनेक जण निघून गेले.

(१७/२६)
माती बदलणे हा खात्रीचा उपाय आहे. पण त्याची किंमत केवळ पैशात मोजता येत नाही. खाचरातली माती पिढ्यान्‌पिढ्यांच्या चिखलणीने, शेणखताने आणि पेंढ्याने घडलेली असते. डोंगराची माती स्वच्छ असली तरी कोरी असते. तिला शेत बनायला वर्षे लागतात. त्यातच विष नाहीसे होत नाही, फक्त खाली जाते. आणि स्वच्छ मातीसाठी दुसरीकडे एखादा डोंगर पोखरावा लागतो.
जपानमध्ये खाणींच्या खालच्या अंगाला असलेली इतरही अनेक खोरी होती. तिथले प्रदूषण जिंझूइतके तीव्र नव्हते, पण होते. एवढा खर्च प्रत्येक खोऱ्यात परवडणारा नव्हता.

(१८/२६)
इथे दुसरा धागा येऊन मिळतो. काही वनस्पती धातू साठवतात, हे ज्ञान नवे नाही. १८८५ साली बाउमान या जर्मन शास्त्रज्ञाने जस्ताच्या खाणीजवळच्या रानफुलांत विलक्षण प्रमाणात जस्त नोंदवले. १९४८ मध्ये इटलीत फ्लॉरेन्सच्या परिसरातल्या एका झुडपात निकेल सापडले. १९८३ साली अमेरिकेतील मृदाशास्त्रज्ञ रूफस चेनी यांनी या कुतूहलाला कामाचे रूप दिले : अशी झाडे दूषित जमिनीत लावायची, वाढली की कापून न्यायची आणि त्यांच्याबरोबर धातूही न्यायचा. जमीन खणण्याऐवजी जमिनीकडूनच पीक काढून घ्यायचे.

(१९/२६)
पाणथळ वनस्पतींच्या बाबतीत एक फरक महत्त्वाचा आहे. जर्मनीत केटे झाइडेल या संशोधिकेने १९५० च्या दशकापासून लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतींनी सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग केले. आज जगभर बांधल्या जाणाऱ्या कृत्रिम पाणथळींची परंपरा तिथून सुरू होते. मात्र देवनळ, पाणकणीस यांसारख्या वनस्पती बहुतेक धातू मुळांपाशीच अडवून ठेवतात. वाहत्या पाण्यातून विष रोखायला हे उत्तम.
मातीतून विष उपसायचे तर धातू मुळातून देठात आणि पानांत चढला पाहिजे, कारण कापता येते ते जमिनीच्या वरचे. रोखणारी वनस्पती वेगळी, उपसणारी वेगळी.

(२०/२६)
युरोपातली प्रसिद्ध धातुसंचयी रोपे बुटकी आणि कोरड्या जमिनीतली. खाचराच्या चिखलात त्यांचा निभाव कसा लागणार? शिवाय ती पेरायची कशी, कापायची कशी, हे शेतकऱ्याला कोण शिकवणार?
जपानच्या त्सुकुबा येथील राष्ट्रीय कृषी-पर्यावरण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी उत्तर शोधले ते समोरच होते : भात. चिखलात वाढण्याची त्याला सवय, पोकळ नळ्यांतून मुळांपर्यंत हवा नेण्याची सोय त्याच्या अंगातच, आणि लावणीपासून कापणीपर्यंतची यंत्रे प्रत्येक गावात. प्रश्न एवढाच होता की सर्वाधिक विष पिणारा भात कोणता?

(२१/२६)
जपानी लोकांच्या रोजच्या जेवणातला तांदूळ तुलनेने कमी कॅडमियम घेतो. मग जगभरातून जमवलेल्या वाणांकडे नजर वळली. त्यांत 'चोकोकोकु' हा वाण होता, भूतानकडचा 'जरजान' होता आणि नेपाळकडचा 'अंजना धान'ही होता. हे वाण आपल्या पेंढ्यात कितीतरी अधिक कॅडमियम चढवतात. अन्न म्हणून पाहिले तर हा दोष. उपसा म्हणून पाहिले तर हाच सर्वांत मोठा गुण.
आणि मग ते कुलूप आठवले. हे भात लावल्यावर आरंभी खाचरात पाणी ठेवायचे, पीक रुजले की पाणी सोडून द्यायचे आणि पुन्हा भरायचे नाही. ज्या सुकलेल्या मातीने एकेकाळी घात केला, तीच आता मुद्दाम सुकवायची.

(२२/२६)
२००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचे आकडे बोलके आहेत. चोकोकोकु भात दोन हंगाम या पद्धतीने घेतल्यावर हेक्टरमागे ८८३ ग्रॅम कॅडमियम शेताबाहेर गेले. मातीतले एकूण कॅडमियम ३८ टक्क्यांनी घटले. त्याच शेतात नंतर घेतलेल्या खाण्याच्या तांदळातले प्रमाण ४७ टक्क्यांनी खाली आले आणि उत्पन्नात घट झाली नाही.
हा आकडा जरा थांबून पाहावा. हेक्टरभर खाचराचा वरचा १५ सेंटीमीटरचा थर म्हणजे १,५०० घनमीटर माती. माती बदलायची तर ही सगळी हलवावी लागते. भाताने त्यातून किलोभराहूनही कमी धातू वेचून काढला आणि माती जागच्या जागी राहू दिली.

(२३/२६)
हा भात विष का पितो, याचे उत्तर २०१० मध्ये मिळाले. साध्या भाताच्या मुळांत एक प्रथिन असते. ते आलेले कॅडमियम मुळांच्या पेशींतल्या कप्प्यांत कोंडून ठेवते. अंजना धानात ते प्रथिन निकामी असते. फरक असतो बहुधा एकाच अमिनो आम्लाचा. दार लावणाराच नाही म्हटल्यावर धातू सरळ वर चढतो.
हा शोध लागला ओकायामा विद्यापीठाच्या कुराशिकी येथील संस्थेत. कोबायाशी यांनी रुग्णांच्या हाडांतले कॅडमियम मोजले होते ती हीच संस्था, आता नव्या नावाने. एका पिढीने विष ओळखले आणि दुसऱ्या पिढीने त्याचा भातातला रस्ता.

(२४/२६)
अर्थात ही जादू नव्हे. उपसणारे पीक लावलेली वर्षे शेत अन्न देत नाही. कापलेला पेंढा गुरांना घालता येत नाही आणि शेतात कुजू देता येत नाही, कारण मग सारे श्रम मातीत जातील. तो वाळवून, धूर गाळणारी यंत्रणा असलेल्या भट्टीतच जाळावा लागतो. उरलेली राख विषारी कचरा म्हणून सांभाळावी लागते. फार दूषित जमिनीला असे कितीतरी हंगाम लागतील. म्हणून ही रीत सौम्य प्रदूषणाच्या खाचरांसाठी योग्य मानली जाते. २०१० नंतर जपानने मर्यादा ०.४ मिलिग्रॅमवर आणली, तेव्हा अशाच खाचरांचा प्रश्न पुढे आला.
धातू जाळून मरत नाही. माणूस फक्त त्याचा मुक्काम ठरवू शकतो.

(२५/२६)
२०१२ साली गोष्टीने आणखी एक वळण घेतले. कार्बनच्या आयनांचा मारा करून कोशिहिकारी या लोकप्रिय वाणात असा बदल घडवला गेला की मुळे कॅडमियम जवळजवळ घेतच नाहीत. त्यातून 'कोशिहिकारी कान १' हा वाण आला. याच कुळातला 'अकिताकोमाची आर' हा वाण २०२५ पासून खाणींचा जुना वारसा असलेल्या अकिता प्रांतात मोठ्या प्रमाणावर लावला जात आहे आणि त्यावर तिथे वादही झाला.
म्हणजे आज तीन वाटा आहेत. विष पुरणे, विष उपसणे, विष नाकारणे. तिसरी सर्वांत स्वस्त आणि जेवणाऱ्याला सुरक्षित. पण तिच्यात विष जमिनीतच पुढच्या पिढीसाठी राहते. वाट निवडणे हा केवळ विज्ञानाचा प्रश्न नाही. ओझे कोणी आणि किती काळ वाहायचे, हाही त्यात आहे.

(२६/२६)
१७ डिसेंबर २०१३ रोजी खोऱ्यातल्या संघटना आणि कंपनी यांच्यात अंतिम समेट झाला. अधिकृत नोंदीत सुमारे २०० रुग्ण आहेत. १९६७ साली नोंद सुरू होण्याआधी किती जणी आतल्या खोलीत गेल्या, त्यांची गणती कुठेच नाही. कामिओकाचे खाणकाम २००१ मध्ये थांबले. त्या डोंगराच्या पोटात आता न्यूट्रिनो टिपणारी जगप्रसिद्ध वेधशाळा आहे.
या सगळ्या काळात भात बदलला नाही. मातीत जे होते ते त्याने निमूटपणे उचलले; १९२० साली उचलले तेव्हा ते पानात आले, २००९ साली उचलले तेव्हा ते भट्टीत गेले. मधल्या काळात बदलले ते एवढेच, की एका डॉक्टरने नकाशा काढला, काही शेतकरी न्यायालयात गेले आणि जिंकल्यावरही खाणीची वाट चढणे त्यांनी सोडले नाही.

#इतिहास #पर्यावरणाचाइतिहास #जपान